डावीकडे अक्षरे, उजवीकडे कोरी

शब्दांमध्ये जागा सोडायची लांब पट्टी तिने कीबोर्डच्या दोन्ही तुकड्यांवर आडवी ठेवून पाहिली. एक टोक डाव्या तुकड्यावर, दुसरे उजव्यावर आणि मधला सगळा भाग अधांतरी. गळ्यातली टेप काढून तिने पट्टीची लांबी घेतली, डाव्या तुकड्याच्या खालच्या ओळीतली रिकामी जागा मोजली आणि मग पट्टी पुन्हा एकदा मोजली. दुसऱ्यांदा मोजली म्हणून ती काही आखडली नाही.

"हिचं काय करायचं आता?" ती म्हणाली. "दोन तुकड्यांत मिळून एकच दिलीय."

खिडकीजवळच्या खुर्चीतून नवऱ्याने पाहिले. त्याच्या ओठांचा उजवा कोपरा वर गेला. डावा जागचा हलला नाही.

"हसा, हसा. बायको शिंपीण, आणि माप न घेता माल घेऊन आली."

खरे होते ते. वीस वर्षे ती लोकांचे कपडे लहान-मोठे करून देत होती आणि 'सगळ्यांना बसेल' असे लिहिलेला कुठलाच कपडा कुणालाच धड बसत नाही, हे येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत होती. पण कीबोर्डच्या दुकानात राखी-निळ्या रंगाचे ते पाकीट दिसले आणि तिला भूल पडली. कीबोर्ड आला होता बोडका. दोन तुकडे, मध्ये एक वायर आणि वर नुसते खुंट. त्या खुंटांवर बसवायच्या टोप्या वेगळ्या घ्यायच्या. टोपी ती टोपी, त्यात काय बघायचे, असे तिला वाटले होते.

चार महिन्यांपूर्वी एका सकाळी दात घासताना त्याच्या हातातून ब्रश पडला आणि तो उचलायला वाकलेला माणूस उठलाच नाही. पुढे पाय बऱ्यापैकी परत आला. काठी घेऊन तो घरात फिरू लागला. वाचा आली, पण जाडीभरडी, आणि ती लोकांनी ऐकावी असे त्याला वाटत नसल्यामुळे तो बोलायचाच कमी. डावा हात मात्र आला नाही. उशीवर ठेवला तर उशीवर, मांडीवर ठेवला तर मांडीवर पडून राहायचा.

नेमका हातच. सत्तावीस वर्षे तो परक्या भाषांतल्या मालिकांचे संवाद मराठीत उतरवत होता. चित्राच्या खाली दोन क्षण दिसून जाणाऱ्या त्या ओळी. काना-मात्रेची चूक नाही, अशी त्याची ख्याती होती. टाइप करताना त्याने कधी खाली पाहिले नाही. जुन्या कीबोर्डवरची अक्षरे घासून पार पुसून गेली होती, आणि तिने कधी त्यावरून टोकले तर म्हणायचा, "अक्षरं बघणाऱ्यासाठी असतात. मला काय त्यांचं?" ती स्वतः त्या कीबोर्डवर बसली की मात्र वेड लागायची पाळी. गिऱ्हाइकाला दोन ओळी कळवायला तिला पाव तास लागे. एकेक अक्षर आठवायचे, एका बोटाने दाबायचे. मागे उभा राहून तो विचारायचा, "टाइप करतेस की कोंबडी दाणे टिपतेय?"

तो वापरायचा त्या मांडणीत स्वर सगळे डाव्या हाताला होते. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, अक्षराचा पाय मोडायची खूण, सगळे डावीकडे. उजवीकडे व्यंजने. म, न आणि व एवढी तीन व्यंजने तेवढी डावीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसलेली. म्हणजे त्याच्या धडधाकट उजव्या हाताला आता ना 'मी' लिहिता येत होते ना 'नको'.

उजवा हात सगळ्या कीबोर्डवर फिरवून त्याने एकदा पाहिले होते. सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत चार ओळी झाल्या. बोलून टाइप करायचाही प्रयोग झाला. तो म्हणाला "परत ये", संगणकाने लिहिले "पडदे". तेव्हा दोघेही पोट धरून हसले होते. त्यानंतर त्याने संगणक सुरूच केला नाही.

दोन तुकड्यांच्या कीबोर्डची कल्पना व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंची. हात कीबोर्डकडे जात नसेल तर कीबोर्ड हाताकडे न्या, म्हणाल्या. डावा तुकडा मांडीवरच्या उशीवर ठेवा, बोटे त्याच्यावर राहू देत, सवयीने काही हलले तर हलले. शेवटचे वाक्य त्या दारातून बाहेर पडता पडता म्हणाल्या होत्या. तिने तेवढेच घट्ट धरून ठेवले.

कारण वेळ नव्हता. चाळीस भागांच्या मालिकेतले बत्तीस त्याने लिहिले होते, आठ उरले होते. ऑफिसातल्या संपादकबाई भल्या. चार महिने त्यांनी ते भाग कुणाला दिले नाहीत. पण परवा फोनवर म्हणाल्या, "आम्हालाही वरून विचारतात हो. महिनाअखेरपर्यंत एक भाग तरी येऊ दे. नाहीतर मला दुसऱ्या कुणाकडे द्यावंच लागेल." फोन सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा लावलेला होता. त्याने ऐकले आणि खिडकीकडे तोंड केले. हे आठ भाग गेले की तो पुन्हा कधीच कामाला बसणार नाही, हे तिला लख्ख दिसत होते.

पाकीट आणि लांब पट्टी पिशवीत टाकून ती दुकानात गेली.

दुकान बोळाएवढेच होते. दुकानदाराला तिने मनातल्या मनात बटणवाला असे नाव ठेवले होते. तो बोलताना सतत बोटाखाली एक सुटे बटण टकटकवत असायचा. तिने पट्टी काउंटरवर ठेवताच त्याने जीभ चावली.

"ताई, ही सरळ कीबोर्डची. तुमच्याला अंगठ्यांसाठी दोन लागतात. आखूड, डाव्याची डाव्याला, उजव्याची उजव्याला."

"बाह्यांसारखं."

"बाह्यांसारखंच. आणि हे बघा." त्याने पाकिटातल्या दोन टोप्या शेजारी शेजारी ठेवल्या. "ही वरच्या ओळीची, उंच. ही मधल्या ओळीची, बुटकी, आणि उतार वेगळा. ओळ चुकली की टोपी बसते, पण बोट ठेचकाळतं. म्हणून पुष्कळ जण सगळ्या एका उंचीच्या घेतात. कुठलीही कुठेही चालते."

"नको. त्यांच्या बोटांना उताराची सवय आहे."

"मग या घ्या, तुमच्या कीबोर्डच्या मापाच्या. रंग असाच मिळेल. फक्त अक्षरांचं सांगा. कोरी की कोरलेली?"

"म्हणजे?"

"मराठी अक्षरं असलेल्या तयार येत नाहीत. कोऱ्या टोप्यांवर कोरून घ्याव्या लागतात. आठ दिवस लागतील."

"कोरीच द्या," ती म्हणाली. "ते खाली बघतच नाहीत."

हे म्हणताना तिला अभिमान वाटला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच आपण नवऱ्याबद्दल जुन्या सुरात बोललो, असेही वाटले. बटणवाल्याने टक् केले.

"एकदा विचारून या की. वापरणार ते आहेत."

घरी येऊन तिने विचारले तेही सहज, चप्पल काढता काढता. "कोरीच सांगू ना?"

त्याने खुर्चीच्या हाताला बांधलेली वही ओढली, दातांनी पेनाचे टोपण काढले आणि लिहिले. नेहमीचेच अक्षर, वळणदार, पूर्णविरामासकट. डावीकडे अक्षरे. उजवीकडे कोरी.

तिने दोनदा वाचले.

"डावीकडे? डावीकडे कशाला?"

त्याने टोपण पुन्हा दातात धरून पेनाला लावले आणि वही मिटली.

 हात गेला होता ते दिसत होते, त्याच्याशी ती रोज भांडत होती. पण हातातली विद्या गेली असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हते. सत्तावीस वर्षे न बघता दाबलेला काना आता कुठे आहे ते त्याला आठवत नाही. अर्धे शरीर झोपले तेव्हा अर्धा कीबोर्डही पुसला गेला. नाहीतर त्याने अक्षरे का मागावीत, आणि तीही फक्त डावीकडे?

दुसऱ्या दिवशी रबरी चेंडूचा व्यायाम चालला असताना तिने विषय काढला. त्याच्या डाव्या मुठीभोवती ती आपली मूठ आवळत होती. आवळ, सोड, आवळ, सोड. बाईंनी वीस वेळा सांगितले होते, ती तीस वेळा करायची.

"अहो, वेलांटी कुठल्या बोटाने दाबता हो तुम्ही? पहिली?"

त्याने तिच्याकडे पाहिले.

"आपलं सहज. करंगळीने का?"

"नको विचारूस," तो म्हणाला. शब्द जड होते, पण कळले.

चेंडू निसटून पलंगाखाली गेला. ती गुडघ्यांवर वाकून तो काढत राहिली, लागला असता त्यापेक्षा जास्तच वेळ. आठवतच नाही, म्हणून चिडले, असे तिने स्वतःला सांगितले. वर आल्यावर तिने राहिलेले अकरा आकडे मोजून पूर्ण केले.

बटणवाल्याला तिने वहीतून फाडलेली ती चिठ्ठीच दाखवली.

"अर्धी कोरी, अर्धी कोरलेली," तो म्हणाला. "असं पहिल्यांदाच ऐकतोय. डाव्या हाताने कुणी नव्याने शिकतंय का? नवशिक्यांना देतो आम्ही अक्षरं."

"ते नवशिके नाहीत," ती इतक्या जोरात म्हणाली की त्याचे टकटक थांबले.

ते आठ दिवस तिचे लक्ष कशातच नव्हते. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला तिने दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाईक हसले, तीही हसली आणि ते गेल्यावर उसवताना बोटाला कात्री लावून घेतली. संध्याकाळी व्यायाम तीसचा चाळीस झाला. तो हात तिच्या स्वाधीन करून खिडकीबाहेर बघत बसायचा. कधी कधी त्याच्या कपाळावर घाम यायचा. तो बघूनही ती मोजत राहायची.

टोप्या आल्या त्या सकाळी तिला मशीनपुढचे स्टूल सापडेना. शोधायला सवड नव्हती, म्हणून तिने स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून हातातली विजार संपवली. दुपारी पाकीट घेऊन ती त्याच्या टेबलाशी गेली तर स्टूल तिथे होते, टेबलाच्या डाव्या अंगाला, भिंतीला लागून. त्यानेच काठीने ओढत आणले असणार. पाय वर ठेवायला हवे असेल, असे तिला वाटले.

"या," ती म्हणाली. "आज मुहूर्त करू."

तो निमूटपणे येऊन बसला. तिने एकेक टोपी खुंटावर ठेवून अंगठ्याने दाबली. टक्. टक्. उजवा तुकडा गुळगुळीत, राखी-निळा, कोरा. दोन टोप्यांच्या ओळी तिने उलट बसवल्या. त्याने उजवी बोटे वरून फिरवली, न बघता थांबला आणि नेमक्या त्या दोन टोप्यांवर टिचकी मारली. तिने बदलल्या. मग डावा तुकडा. पांढरी, रेखीव अक्षरे. काना, वेलांट्या, उकार, आणि कोपऱ्यात म, न, व. आखूड पट्ट्या दोन्ही अंगठ्यांखाली चपखल बसल्या. काम झाल्यावर पाहिले तर वस्तू खरोखरच देखणी दिसत होती.

संगणक सुरू केला. तेहतिसाव्या भागाचे पहिले चित्र पडद्यावर थांबले होते. बंद दार आणि दाराबाहेर एक बाई. तिच्या पहिल्या वाक्याची जागा खाली रिकामी होती.

तिने त्याच्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर डावा तुकडा आणि त्याचा डावा हात दोन्ही हातांनी उचलून अक्षरांवर आणला. बोटे जशी पडायची तशी पडली. एकदम चार-पाच टोप्या दाबल्या गेल्या आणि पडद्यावर काने, वेलांट्या, उकार धावू लागले. धरायला अक्षर नसले की संगणक काना-मात्रेला ठिपक्यांचे एक रिकामे वर्तुळ जोडतो. अशी वर्तुळांची रांगच्या रांग लागली. तिने घाईने हात उचलला, सगळे पुसले आणि हात पुन्हा ठेवला.

"एक बोट फक्त. बाकीची मी धरते. अक्षरं दिसतायत ना? हा बघा काना, इथे..."

पुन्हा वर्तुळे. तिने पुन्हा पुसले. तिसऱ्यांदा हात धरायला गेली तेव्हा त्याने आपल्या उजव्या हाताने डाव्याचे मनगट पकडले, तो उचलला आणि उशीच्या कडेला ठेवून दिला, हलकेच. मग उजवा हात कोऱ्या टोप्यांवर नेला. बोटे क्षणभर तिथे नुसती टेकून राहिली. मग दोनदा टक् झाले.

पडद्यावर अक्षरे उमटली. बस.

ती वाचत राहिली. उजव्या हाताला 'नको' लिहिता येत नाही. 'पुरे'ही लिहिता येत नाही. जे येत होते ते त्याने लिहिले होते. चार महिन्यांनी टाइप केलेला पहिला शब्द, आणि तो हा. तिला रडू आले नाही, राग आला. त्याचा, बाईंचा, बटणवाल्याचा आणि सगळ्यात जास्त आपला.

"बरं," ती म्हणाली. "बस तर बस. कळवते मी ऑफिसला."

तिने उशीवरचा तुकडा उचलला आणि पाकीट शोधायला वळली. वायर ताणली गेली. मागे काहीतरी खरखरत सरकले. तिने पाहिले तर त्याने उजव्या पायाने भिंतीकडचे स्टूल टेबलाशी ओढले होते. अजून थोडे ओढले, आपल्या खुर्चीला टेकेपर्यंत. मग त्याने हात पुढे करून तिच्या हातातला तुकडा घेतला आणि टेबलावर ठेवला. आपल्यापुढे नाही, स्टुलापुढे. अक्षरे स्टुलाकडे तोंड करतील असा फिरवला, आणि पडद्यावरच्या त्या दोन अक्षरांकडे बोट केले.

ती तशीच उभी होती. अक्षरं बघणाऱ्यासाठी असतात.

म्हणजे आठ दिवसांपूर्वीच, चिठ्ठी लिहिली तेव्हाच. की त्याच्याही आधीपासून? ती चाळीस चाळीस वेळा मूठ आवळत होती तेव्हा त्याला ठाऊक होते. विसरला काहीच नव्हता. आपण त्याला विसराळू ठरवून बसलो होतो, याची तिला लाज वाटली, आणि त्याने हे मुकाट्याने सोसले म्हणून पुन्हा रागही आला. पण सगळ्यात जास्त बोचले ते दुसरेच. त्याने हाताची आशा सोडली होती आणि तिला न दुखवता ते कसे सांगावे, एवढ्याचीच तो वाट बघत होता.

"आणि हा?" उशीवरच्या हाताकडे बघत ती म्हणाली. "बाई म्हणाल्या होत्या, सवयीने हलेल. थोडे दिवस अजून..."

त्याने मान हलवली. मग तोंड उघडले, आणि एकेक अक्षर जागेवर बसवत, घाई न करता, तो बोलला.

"तुझा हात बसेल."

ती स्टुलावर बसली. डोळ्यांपुढची अक्षरे थोडी पुसट झाली होती, डोळे पदराने पुसावे लागले. त्याने 'बस' खोडले, दारापाशी थांबलेल्या बाईच्या चित्राकडे एकदा पाहिले आणि वाक्याच्या रिकाम्या जागेत टक् केले. 'द' उमटला. तो हात मागे घेऊन थांबला.

"काना?" तिने विचारले.

"काना."

तिने एक बोट पुढे केले आणि शोधू लागली.